कमेटीनं दिलेली मावशी

नगरपालिकेला आमच्याकडची जुनी माणसं कमेटीच म्हणतात, आणि माझ्याही तोंडात तोच शब्द बसला आहे. पालिका म्हटलं की कोणाचं तरी पालन होत असेल असा समज होतो. आमच्या कमेटीनं त्या काळात बाजारातल्या डुकरांखेरीज कोणाचं पालन केल्याचं मला आठवत नाही. गाव वर्धा जिल्ह्यातलं, तालुक्याचं, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. नाव घेतलं तर तेव्हाच्या मेंबरांचे नातू भांडायला येतील, आणि त्या घराण्यांशी भांडण्याइतकीही ओळख ठेवायची माझी इच्छा नाही.

सत्तरच्या दशकात मी तिथल्या प्राथमिक शाळेत मास्तरीण म्हणून लागले. माझं गाव तळेगावच्या अलीकडे, घरी कास्तकारी, म्हणजे शेती. आमच्या घराण्यात पगार आणणारं पहिलं माणूस मी, आणि ते नेमकं मुलगी निघालं, याचं कौतुक करावं की लाज बाळगावी हे बाबांचं कधीच ठरलं नाही. शेवटी त्यांनी एक अट घातली. "घर असन तर राह्य," ते म्हणाले. "लॉजगिजमधी राह्याची पाळी आली तर त्याच दिवशी वापस ये." लॉज म्हणजे बसस्टँडसमोरचा. खाली भजी तळली जायची आणि वर काय चालायचं ते सगळ्या गावाला माहीत होतं, मेंबर लोकांना सगळ्यांत जास्त.

परत गेले असते तर माझ्यासाठी काय वाढून ठेवलं होतं तेही सांगते. आष्टीकडचा एक संत्र्याच्या बगीच्याचा मालक होता, त्याचा धाकटा मुलगा. मुलगा वाईट नव्हता. तो बोलताना समोरच्या माणसाकडे न बघता झाडाकडे बघायचा, एवढंच. त्याच्या आईनं पहिल्याच भेटीत मला विचारलं होतं की इतकं वाचून डोळे तर अधू झाले नाहीत. तेव्हा माझा हिशेब सरळ होता. खोली गेली की नोकरी जाणार, आणि नोकरी गेली की मी जन्मभर त्या बाईला सुईत दोरा ओवून देणार.

मी राहायचे ते घर एका हेडमास्तरांच्या विधवेचं. तिला आम्ही काकू म्हणायचो. काकू मालगुजाराची, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराची लेक. मालगुजारी केव्हाच बुडाली होती, पण काकूच्या मानेतून ती गेली नव्हती. चारचौघांत ती हेडमास्तरांची शुद्ध भाषा बोलायची आणि चिडली की माहेरची. तिच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही चौघी भाड्यानं राहायचो. एक सरकारी दवाखान्यातली नर्स, एक टेलिफोन ऑपरेटर, एक तहसील कचेरीतली टायपिस्ट आणि मी. प्रत्येकीची खाट, प्रत्येकीची ट्रंक आणि खाटेखाली प्रत्येकीचा वातीचा स्टो. संध्याकाळी चार स्टो एकदम पेटले की खोलीत रॉकेलचा असा वास भरायचा की भाजी कोणतीही असली तरी चव एकच लागायची.

काकू आमच्या कोणाच्याच हातचं खायची नाही. तिची आणि माझी जात एकच. पण ती मालगुजाराची आणि मी कास्तकाराची, म्हणून माझ्या हातचं पाणी तिला चालायचं आणि पोळी चालायची नाही. नर्सला मात्र तिनं तिची जात कधी विचारली नाही. उत्तर ऐकून घ्यावं लागलं असतं, आणि मग खोलीचं काय करायचं हा प्रश्न आला असता. काकूच्या धर्माला असा व्यवहार चांगला कळत होता.

आता कमेटीकडे येते. आमच्या गल्लीत, काकूच्या समोरच, एक मेंबर राहायचा. त्याच्या घरामागे टिनाच्या छपराच्या खोल्यांची रांग होती आणि तिथे कॉलेजची पोरं कोंबलेली होती. विहीर आणि संडास यांच्यात एक भिंत, तीही अर्धी पडलेली. एका पावसाळ्यात तिथल्या पोरांना एकामागून एक कावीळ झाली. त्यातल्या एकाचा बाप बाहेरगावचा वकील निघाला, तो थेट कलेक्टरकडे गेला, आणि कमेटीला जाग आली. जाग आल्यावर तिनं काय केलं? विहीर उपसली नाही, भिंत बांधली नाही. तिनं ठराव केला. जो कोणी नात्यागोत्याची नसलेली माणसं भाड्यानं एकत्र ठेवील त्यानं कमेटीचा परवाना घ्यावा, आणि दारावर लॉजिंग हाऊस अशी पाटी लावावी. ठराव मांडला तो याच मेंबरनं, आणि पहिला परवानाही त्यालाच मिळाला. पाटी लावली त्या दिवशी त्यानं तिला हार घातला आणि पेढे वाटले. विहीर तीच, संडास तोच, पोरं तशीच पिवळी. पण आता ती परवान्यासहित पिवळी होती.

आमच्यासाठी खरी मेख वेगळीच होती. परवाना मिळायला घरात जबाबदार पुरुष हवा होता, बायकांच्या सुरक्षिततेसाठी म्हणे. काकूच्या घरात पुरुष म्हणजे भिंतीवरचे हेडमास्तर, तेही हार घातलेले. म्हणजे परवाना मिळणार नाही, आणि परवान्याशिवाय आम्हाला ठेवता येणार नाही. बायकांना कुठे सुरक्षित राहता येईल याची ज्यांना इतकी काळजी, त्यांनी बायका जिथे खरोखर सुरक्षित राहत होत्या तेवढंच एक घर बरोबर हेरून बंद करायला काढलं. एक सूट मात्र होती. राहणारे नातेवाईक असतील आणि सगळ्यांचं जेवण एका चुलीवर होत असेल तर ते घर कुटुंब समजावं. चुली मोजायला कमेटीचा आरोग्याचा इन्स्पेक्टर येणार होता.

परवाना मिळाला असता तरी काकूनं घेतला नसता, हेही सांगायला हवं. पाटीची गोष्ट ऐकल्यावर तिची शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली. "माह्या घराले लॉज म्हनतीन? त्याइच्या तोंडात किडे पडतीन," ती म्हणाली, आणि त्याच बैठकीत तिनं आम्हा चौघींना भाच्या करून टाकलं.

हे काम तिनं ज्या सफाईनं केलं ते पाहून मला हेडमास्तरांची दया आली. आमची आडनावं वेगवेगळी होती, म्हणून आम्ही तिच्या बहिणींच्या मुली झालो. काकूला बहीण एकच होती. तिनं आणखी तीन जन्माला घातल्या, चौघींची लग्नं लावली आणि चौघींना देवाघरी पाठवून दिलं. कारण भाची मावशीकडे का राहते, याचं उत्तर हवं होतं, आणि आईबाप नाहीत हे उत्तर सगळ्यांत सोयीचं. नर्सचा बाप विहिरीत पडला. टायपिस्टचे आईबाप यात्रेत वारले. माझे बाबा पटकीनं गेले. मी म्हटलं की काकू, बाबा चांगले जिवंत आहेत, महिन्याच्या महिन्याला शिधा घेऊन येतात, तुम्ही त्यांना पाहिलेलं आहे. त्यावर ती म्हणाली की कमेटी काही माझ्या बापाला पाहायला येत नाही. आणि काकू नको, आजपासून मावशी म्हणायचं.

तिच्या त्या कल्पनेतल्या बहिणींनी निदान तीन जातींत लग्नं केली होती, हे तिच्या लक्षात आलं नाही असं नाही. तिनं त्यावर विचारच केला नाही. कमेटीच्या कागदावर ती सगळ्या जातींना पोटाशी धरायला तयार होती. ताटात मात्र नाही.

इन्स्पेक्टर येणार त्या दिवशी चारही स्टो गोधडीत गुंडाळून धान्याच्या कोठीत टाकले. स्वयंपाकघरातली मोठी चूल पेटवली. काकूनं पहाटेच आंघोळ करून आधी आपलं वेगळं रांधून घेतलं, आपलं पितळेचं भांडं पाटावर ठेवलं आणि त्याभोवती रांगोळीची रेघ ओढली. मग त्याच चुलीवर आम्ही आमच्यासाठी भाजी-पोळी केली. ऑपरेटरला हसू येत होतं आणि नर्स तिला चिमटे काढत होती. मला हसू येत नव्हतं. मला आष्टीची ती म्हातारी आणि तिची सुई दिसत होती.

इन्स्पेक्टर नाकाला रुमाल लावून आला. त्याच्यासोबत आमचा मेंबरही आला, टेरिकॉटच्या सदऱ्यात, आपण कशाला आलो हे न सांगता. आमचा संडास टोपलीचा होता आणि टोपली उचलायला कमेटीचा माणूस चार-चार दिवस यायचा नाही. काही पाहण्यासारखं होतं ते तिथे. इन्स्पेक्टर त्या बाजूला वळलाच नाही. त्यानं चुलीत वाकून पाहिलं, राखेत काडी फिरवली, खाटांखाली डोकावला आणि आम्ही एकमेकींच्या कोण लागतो ते विचारलं. टायपिस्टनं काकूला एकदा काकू म्हटलं आणि लगेच खोकला काढला. मी पानं वाढत होते. मेंबर भिंतीला टेकून माझ्याकडे पाहत होता, आणि घर पाहायला आलेल्या माणसानं इतका वेळ एका बाईकडे का पाहावं ते मला तेव्हा कळलं नाही.

आम्ही चौघी एका ओळीत जेवायला बसलो. काकू बसली नाही. इन्स्पेक्टरनं रांगोळीतल्या भांड्याकडे बोट दाखवून विचारलं की हे कोणाचं. आणि काकू, जिनं आठ दिवस आम्हाला आमचे मेलेले आईबाप पाठ करायला लावले होते, ती मान ताठ करून म्हणाली, "माझं. मी यांच्या कोणाच्या हातचं खात नाही."

 आता संपलं, असं मी मनात म्हटलं. खोटं बोलण्याची सगळी तयारी करून ऐन वेळी या बाईनं आपल्या आयुष्यातलं सगळ्यांत खरं वाक्य बोलून टाकलं होतं. इन्स्पेक्टरही पेन थांबवून पाहत राहिला.

मेंबर मात्र खूश झाला. "बरोबर आहे," तो म्हणाला. "आमची मायबी आमच्या घरवालीच्या हातचं खात नाई. घरंदाज लोक आहेत साहेब, फॅमिलीच आहे ही. लिहा."

आणि इन्स्पेक्टरनं लिहिलं. मेंबरनं खाली साक्षीची सही केली, आणि एक प्रत काकूला मिळाली. जी बाई तुमच्या हातची पोळी खात नाही ती तुमची सख्खी मावशी असल्याचा तो भक्कम पुरावा होता, कारण त्यांच्या प्रत्येकाच्या घरी हेच चालत होतं. सून रांधायची आणि सासू तोंड फिरवायची. भावाभावांची तांब्याभांडी वेगळी. आम्ही सगळ्या एका ताटात हसतखेळत जेवलो असतो तर त्यांना नक्की शंका आली असती. या गावात प्रेमानं एकत्र जेवणाऱ्या बायका म्हणजे काहीतरी भानगडच. मला त्या दिवशी वाचल्याचा आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पण त्या माणसांविषयी उरलासुरला जो आदर होता तो त्या रांगोळीशेजारीच सांडला.

त्यानंतर काही महिने बरे गेले. स्टो कोठीतच राहिले, कारण मेंबरची बायको केव्हाही साखर मागायला यायची. बाबा यायच्या दिवशी मी काही न सांगता बसस्टँडवरच जाऊन त्यांच्याकडून शिधा घ्यायचे, म्हणजे ते मेंबरच्या नजरेला पडू नयेत. आम्ही आळीपाळीनं एका चुलीवर रांधू लागलो आणि जेवणाला चव आली, एवढं श्रेय कमेटीला द्यायला हवं. मग एक दिवस मेंबर स्वतः आला, खुर्चीवर बसला आणि काकूला म्हणाला की तुमच्या मास्तरीण भाचीसाठी स्थळ आहे. स्थळ म्हणजे त्याचा मेव्हणा, हिंगणीकडचा. बायको वारलेली, दोन लेकरं, किराण्याचं दुकान. आईबाप नसलेली पोर, तिला कोण विचारणार, म्हणून आपणच पुढाकार घेतला, असं तो म्हणाला. नोकरी सोडायची गरज नाही, बदली करून घेऊ, पगाराचं आपण पाहू, असंही म्हणाला. बोलता बोलता त्यानं त्या साक्षीच्या कागदाची आठवण काढली. सहज काढली, पण काढली.

काकू नाही म्हणू शकली नाही. तो गेल्यावर ती मला म्हणाली की समोर एकदा बसून घे, नाही म्हणायला मागाहून कारणं सापडतात. मी म्हटलं की मी तुमची भाची नाही, मला दाखवायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला. तिनं देवघरातून तो कागद आणला आणि माझ्यासमोर धरला. भाची नाही असं म्हणायची सोय मला कमेटीनं ठेवली नव्हती.  मी बाकीच्या तिघींकडे पाहिलं तेव्हा ऑपरेटर म्हणाली, "हे घर तुझ्या एकटीचं आहे का?" आजवर त्या मुलीच्या आवाजावर सगळं गाव खूश होतं. मला त्या आवाजाचा तेव्हापासून जो वीट आला तो आला.

तर रविवारी मी काकूची इस्त्रीची साडी नेसून पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले. मेंबर, त्याची बायको आणि मेव्हणा ओळीनं बसले होते. मेव्हण्यानं मला विचारलं की शाळेतून किती वाजता सुटता. दुसरं काही त्याला सुचलं नाही, आणि उत्तर ऐकायच्या आत त्यानं पोह्यांची बशी ओढली. मेंबर काकूला माझ्या बापाविषयी विचारत होता, आणि काकू पटकीचं वर्णन करत होती. तेवढ्यात फाटक वाजलं.

बाबा होते. धोतर, बंडी, डोक्याला दुपट्टा, एका हातात पिठाची थैली आणि दुसऱ्या हातात संत्र्याची. ते एरवी महिन्याच्या शेवटी यायचे, या वेळी लवकर आले होते. दारात येऊन त्यांनी आत पाहिलं. पोरगी नटलेली, पोहे, खुर्चीवर परकी माणसं. ही बैठक कशाची ते ओळखायला त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

"हा आमच्या बहिणीकडचा गडी," काकू घाईघाईनं म्हणाली. "गावाहून सामान घेऊन येतो."

 ट्रे खाली ठेवून मी तोंड उघडलं. हे माझे वडील आहेत, आम्ही इथे भाडेकरू आहोत, आणि तुमचा कागद घाला चुलीत, हे तिन्ही माझ्या ओठावर होतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली. मग त्यांनी चपला बाहेर काढल्या, थैल्या भिंतीशी ठेवल्या, दाराजवळ उकिडवे बसले आणि म्हणाले, "हो जी. लहानपनापासून पाह्यलं हाय ताईले."

मेंबरला बरंच वाटलं. त्यानं बाबांना एकेरीत विचारलं की हिच्या बापाला ओळखत असशील, पटकीनं गेला म्हणे बिचारा. बाबा क्षणभर थांबले. स्वतःच्या मरणाची बातमी माणसाला अशी पोह्यांच्या वासात कळत असेल तर थांबायलाच होणार.

"हो जी, गेले बिचारे," ते म्हणाले. "पन जाच्या आधी पोरीचं जमवून गेले. शबद देला हाय त्याइनं. साऱ्या गावाले मालूम हाय."

पुढे फार काही झालं नाही. मेंबरनं काकूकडे पाहिलं, त्याच्या बायकोनं पदर सावरला, आणि मेव्हण्यानं बशी संपवली मगच उठला. जमलेली पोरगी दाखवायला बसवता, असं मेंबर फाटकापर्यंत मोठ्यानं बोलत गेला. पण घर कुटुंब नाही असं म्हणायची त्याची प्राज्ञा नव्हती. कागदाखाली त्याचीच सही होती. तेव्हा घर वाचलं, मेव्हणाही टळला, आणि काकू बाबांना चहा देऊ का म्हणून विचारू लागली. बाबा नको म्हणाले.

मी त्यांना पोचवायला बसस्टँडवर गेले. रस्ताभर मला हसू आवरत नव्हतं. मेंबर, काकू, इन्स्पेक्टर, सगळ्यांना माझ्या अडाणी बापानं दोन वाक्यांत गुंडाळलं होतं. आपल्या बापाचा असा अभिमान मला आधी कधी वाटला नव्हता, आणि मी तो बोलून दाखवला. म्हटलं, बाबा, काय मस्त थाप मारली तुम्ही.

"थाप नाई मारली," ते म्हणाले. "जमलंच हाय तुहं. आष्टीवाल्याइले शबद देऊन आलो. पुढच्या महिन्यात साक्षगंध हाय. तुले न्यालेच आलतो."

साखरपुडा ठरला होता आणि मला पत्ता नव्हता. मी विचारलं की मग बाप म्हणून का उभे राहिला नाहीत. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. बाप म्हणून उभा राहिलो असतो तर बाप जिवंत असताना पोरगी परक्या घरी दाखवायला बसली, असं मेंबरनं जिल्हाभर केलं असतं. आष्टीवाल्यांच्या कानावर गेलं असतं तर जमलेलं मोडलं असतं. ते माझ्या खोलीसाठी उकिडवे बसले नव्हते. त्यांच्या शब्दासाठी बसले होते. मेंबरला स्वतःची सही राखायची होती, काकूला मान, आणि बाबांना शब्द. मधल्या मधे मी कोणाची तरी भाची, कोणाची तरी सून, आणि कोणाला तरी पगार.

गाडी लागली होती. बाबा म्हणाले की सामान मागाहून आणू, चाल. मी त्यांना जे बोलले ते त्या आवारात उभ्या असलेल्या बायकांनीही ऐकलं. "बापानं बोलावलं असतं तर कदाचित आली असती, बाबा. गड्यासंगं मालकाची पोरगी जात नसते."

ते गाडीत चढले, खिडकीशी बसले आणि समोर पाहत राहिले. गाडी गेली. मला वाटलं आता संपलं, आता हा माणूस माझं तोंड पाहणार नाही. मला रडू आलं आणि रागही आला, आणि राग जास्त होता.

पुढच्या महिन्याच्या शेवटी फाटक वाजलं. मी खिडकीतून पाहिलं तर बाबा, दोन थैल्या घेऊन. मेंबर समोरच्या ओट्यावर बसला होता. बाबा आत आले नाहीत, पायरीशी थांबले. मी दारात गेले तेव्हा त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं की आष्टीवाल्यांना नाही म्हणून कळवलं. साक्षगंधाच्या तोंडावर नाही म्हटल्यानं त्या भागात त्यांना काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. मी म्हटलं, आत या. ते म्हणाले, "नको. आत आलो तर तू बाबा म्हनशीन, अन् तो समोर बसून हाय."

त्या घरात मी आणखी बरीच वर्षं राहिले. मेंबर पुन्हा निवडून आला, त्याच्यानंतर त्याचा पुतण्या आला, तेही घर समोरच. बाबा येत राहिले. ते पायरीशी उभे राहून गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "ताई, सामान आनलं जी." आणि मी, जिनं त्यांना जन्मात कधी एकेरी हाक मारली नव्हती, दारातूनच म्हणायचे, "ठेव तिथे."